पोथी, पाठ आणि घर

शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांतल्या कुठल्याही गावात दिवेलागणीला जा. एखाद्या ओटीवरून पोरांचा पाठ म्हणण्याचा आवाज अजून कानी येतो. कुठे शुभंकरोती चाललेली असते, कुठे मनाचे श्लोक. माळकऱ्याच्या घरी हरिपाठ असतो, तर मुसलमान शेजाऱ्याच्या घरी कुराणाचा धडा. आता विचार करा, पोराला हे शिकविले कोणी? शाळेच्या वेळापत्रकात हा तास नाही. त्याला परीक्षा नाही आणि गुणही नाहीत. आजोबा एक ओळ म्हणाले, नातू ती मागून म्हणाला. आज दोन ओळी, उद्या तीन. असे करता करता एक दिवस सगळे तोंडपाठ झाले. हे तू केव्हा शिकलास असे नातवाला विचाराल, तर त्याला सांगताही येणार नाही.

घरातल्या या शिकण्याविषयी आज बोलायचे आहे. उदाहरण मात्र घेणार आहे ते आपल्याच शेजारच्या, घरीदारी मराठी बोलणाऱ्या, पण आपल्यापैकी पुष्कळांना फारशा ठाऊक नसलेल्या एका समाजाचे. आपण आसनगावला लोकल पकडून, किंवा मुरबाडहून एस.टी.ने कल्याणला येऊन पुढे ठाण्यास उतरलात, तर त्या शहरात एक सिनेगॉग, म्हणजे यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. त्याचे हिब्रू नाव ‘शाआर हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचे दार. ते इ.स. १८७९ साली बांधले गेले. तेथे प्रार्थनेला येणाऱ्यांची आडनावे ऐका : पेणकर, दिवेकर, नवगावकर, राजपूरकर, किहीमकर. हे बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. ‘बेने इस्राएल’ या शब्दांचा अर्थ इस्राएलची लेकरे.

हेच उदाहरण का घ्यावे, असे आपण विचाराल. कारण असे, की पोथी घरातून नाहीशी झाली तर काय उरते, आणि ती परत आली तर काय करावे लागते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एकाच समाजाच्या इतिहासात मिळतात.

त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली हकीकत अशी. फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना किनाऱ्यावर पुरले. बरोबरच्या पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेली माणसे कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या खेड्यांतून राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली, लुगडी नेसू लागली, मराठी बोलू लागली. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा वार. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले शनिवार तेली.

पोथी गेली, शिकविणारा गुरू नाही, प्रार्थनामंदिर नाही. मग उरले काय? मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे उरले. शनिवार उरला. अमुक मासा खावा, तमुक खाऊ नये, हा विवेक उरला. आणि मुखी उरले ते ‘शेमा’ प्रार्थनेचे आरंभीचे वाक्य. देव एकच आहे, हे इस्राएल लोकांना सांगणारे ते वाक्य. जन्म असो, लग्न असो की मर्तिक असो, प्रत्येक प्रसंगी हे लोक तेवढेच म्हणत, कारण दुसरे काही त्यांना येत नव्हते.

श्रोतेहो, येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या पाठाचे पहिले वाक्य त्यांच्या तोंडी राहिले, त्याच पाठात पुढे एक आज्ञा आहे : हे शब्द आपल्या मुलांना शिकवावेत, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलावे. ही आज्ञा ज्या पोथीत लिहिली होती ती त्यांच्याजवळ नव्हती. पण आज्ञेप्रमाणे वागणे घरात चालू राहिले, म्हणून ते एक वाक्य तरी वाचले.

आणि काय उरले ते पाहायचे असेल तर त्यांच्या सणांची जुनी मराठी नावे पाहावीत. हिब्रू नावे विसरली होती, पण दिवस विसरले नव्हते. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. त्याच महिन्यात पुढे ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताचा मोठा उपास, ज्याला हिब्रूत योम किप्पूर म्हणतात, तो ‘दारफळणीचा सण’, कारण त्या दिवशी घराचे दार लावून घेऊन दिवसभर उपाशी राहायचे. वसंतातला पेसाह, म्हणजे मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण. त्यात आंबवलेला पदार्थ वर्ज्य, म्हणून त्याचे नाव पडले आंबटाचे भांडे झाकून ठेवण्याच्या कृतीवरून, ‘अनाशी ढाकाचा सण’. पुरीम आपल्या शिमग्याच्या सुमारास येतो, तो ‘होळीचा सण’. यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास पावसाळ्यात येतो. त्या दिवसाशी वालाच्या बिरड्याचे जेवण जोडले गेले आणि तो झाला ‘बिरड्याचा रोजा’.

पाहा, ही नावे कुठून आली? दारावरून, खिरीवरून, झाकणावरून, बिरड्यावरून. म्हणजे शास्त्र्याने दिलेली ही नावे नव्हेत, चुलीपाशी वावरणाऱ्या माणसांनी दिलेली आहेत. पोथी नसताना ज्या आज्या आणि आया मुलांना धर्म शिकवीत होत्या, त्यांनी तो असा शिकविला. आज दार का लावले, आज आंबवलेले का नाही, असे मुलाने विचारायचे आणि आईने सांगायचे, आपल्यात असेच असते.

पण येथेच या शिकविण्याची मर्यादाही दिसते. ‘आपल्यात असेच असते’ हे उत्तर आचार टिकविते. अर्थ टिकवीत नाही. बिरडे राहिले, परंतु यरुशलेमचे मंदिर इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने पाडले म्हणून आपण उपाशी राहतो, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. घराने सांभाळले त्याचे मोल मोठे आहे, पण घराच्या स्मरणाला पोथीचा आधार लागतो.

तो आधार हळूहळू आला. डेव्हिड राहाबी नावाचा एक यहुदी पुरुष कोकणात आला, त्याने या लोकांना ओळखले आणि तीन माणसांना शिकवून तयार केले, अशी परंपरागत कथा आहे. त्या तिघांना काजी म्हणत, आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर ही त्या तीन घराण्यांची नावे सांगतात. शापूरकर हे नाव ऐकून आपल्या शहापूरकरांचे कान टवकारतील. पण शहापूर नावाचे गाव अलिबाग तालुक्यातही आहे, तेव्हा नावावरून गाव ठरविण्याची घाई करू नये. हे काजी गावोगाव हिंडून लग्ने आणि सुंता करीत. लोकांना धर्म मिळे, पण तो काजी आला म्हणजे मिळे. रोजचे काम घरालाच करावे लागे.

इ.स. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. १८२६ पासून कोचीनचे यहुदी शिक्षक येऊन मुलांना हिब्रू शिकवू लागले. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून छापले. मिशनऱ्यांचा हेतू काहीही असो, या लोकांनी धर्म बदलला नाही. व्याकरण मात्र घेतले आणि आपल्या पोथ्या वाचण्याकडे लावले. पुढे समाजातलेच विद्वान पुढे आले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये इस्राएली मुलांसाठी मुंबईत शाळा काढली; तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. १९०५ सालच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन या बाई १९२२ पासून १९५० पर्यंत तिच्या मुख्याध्यापिका होत्या.

१८८० च्या सुमारास आणखी एक गंमत झाली. पोथीतल्या कथा माणसांच्या कानी कशा घालाव्यात? आपला हरिदास काय करतो ते या मंडळींनी पाहिले होते. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी कीर्तन हाती घेतले. पूर्वरंग, उत्तररंग, साक्या, दिंड्या सगळे आपल्यासारखेच. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. आजीला हिब्रू येत नव्हते, पण आख्यान ऐकून घरी गेल्यावर नातवंडांना ती गोष्ट सांगू लागली. म्हणजे पोथी पुन्हा चुलीपाशी पोहोचली.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पोथी आली, शाळा आली, सिनेगॉगे झाली. मग घरी शिकविण्याची गरज का उरावी?

याचे एक कारण व्यवहाराचे आहे. सिनेगॉगात तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, सार्वजनिकरीत्या वाचायचे तर दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. ज्या गावी या समाजाचे एखाद-दुसरेच बिऱ्हाड आहे तेथे दहा माणसे कुठून आणणार? नोकरीनिमित्त रेल्वेच्या स्टेशनावर, पोस्टात, दवाखान्यात किंवा शाळेत गेलेली बेने इस्राएल कुटुंबे अशा एकटेपणात पुष्कळ राहिली आहेत. पण निजताना शेमा म्हणायला दहा माणसे लागत नाहीत. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी तेलाचा दिवा लावायला लागत नाहीत. काळ्या मनुका भिजवून काढलेल्या सरबतावर आशीर्वाद म्हणायला लागत नाहीत. पेसाहच्या रात्री मुलांना मिसर देशातल्या सुटकेची गोष्ट सांगायला तर फक्त सांगणारा आणि ऐकणारा पुरे. या धर्मातला केवढा तरी भाग घरासाठीच रचलेला आहे.

दुसरे कारण पोथीच्याच घडणीत आहे, आणि ते फार मौजेचे आहे. हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे जाते. अक्षरे बावीस. ती बहुतेक व्यंजने आहेत. स्वर दाखवायला अक्षरांच्या खाली, वर, पोटात बारीक ठिपके आणि रेघा देतात. मुलांच्या आणि प्रार्थनेच्या पुस्तकांत हे ठिपके छापलेले असतात. परंतु सिनेगॉगात चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोऱ्याची जी गुंडाळी असते, तिच्यात एकही ठिपका नसतो. विरामचिन्ह नाही, चालीची खूण नाही. नुसती व्यंजने. आपल्याकडे जुना मोडी कागद ज्यांनी हाताळला असेल त्यांना याची कल्पना येईल. ज्याला आधी भाषा आणि वळण ठाऊक आहे त्यालाच तो नीट वाचता येतो. तसेच हे. निम्मी पोथी चर्मपत्रावर असते आणि निम्मी वाचणाऱ्याच्या तोंडात. ती तोंडातली निम्मी पोथी छापखान्यातून मिळत नाही. एका माणसाने दुसऱ्याजवळ बसून ती द्यावी लागते.

म्हणूनच जगात जिथे जिथे यहुदी लोक गेले, तिथे तिथे मुलाजवळ बसणे हे त्यांनी मोठे काम मानले. येमेन देशात पुस्तके इतकी थोडी होती, की एका पुस्तकाभोवती पोरे कोंडाळे करून बसत. जो ज्या बाजूला बसे त्याला त्या बाजूने, उलटेसुद्धा, वाचता येऊ लागे. मध्ययुगात युरोपातील काही भागांत मुलाच्या पहिल्या धड्याला अक्षरांवर मध लावून ते चाटायला देत, का, तर विद्या गोड लागावी. आपण नाही का पाटीवर तांदूळ पसरून श्रीगणेशा गिरवून घेत?

मग घरी शिकवायचे कसे? बेने इस्राएल घरांतून जी वहिवाट दिसते, तीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आरंभ पुस्तकाने होत नाही, दारापासून होतो. दाराच्या चौकटीला तिरकी लावलेली एक लहान नळी असते, तिला मेझुझा म्हणतात. तिच्यात चर्मपत्रावर शेमा पाठाचे पहिले दोन भाग हाताने लिहिलेले असतात. जाता-येता मोठी माणसे तिला बोट लावून ते ओठांशी नेतात. तान्हे मूल कडेवरूनच हे पाहते आणि हात पुढे करते. वाचता येण्यापूर्वी त्याला समजते, की येथे काही लिहिलेले आहे आणि ते जपायचे आहे. प्रार्थनेचे पुस्तक हातून पडले तर उचलून त्याचे चुंबन घ्यायचे. फाटले तर केरात टाकायचे नाही, ते पुरायचे. पोथी पायाला लागली तर आपण डोक्याला लावतो, त्याच जातीचा हा संस्कार.

मग येते पाठांतर. निजताना शेमा, जेवणाआधी भाकरीवरचा आशीर्वाद, शुक्रवारचा दिवा. ही वाक्ये लहान असतात आणि रोज एकाच वेळी येतात. चार-पाच वर्षांचे मूल ती सहज उचलते.

त्यानंतर अक्षर. येथे मराठी मुलाला एक मोठी सोय आहे. त्याला बाराखडीची सवय असते. व्यंजनाला स्वराची खूण लावली की उच्चार बदलतो, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. दुसरी सोय अशी, की हिब्रूतला एक उच्चार बहुतेक मराठी ‘चाक’ या शब्दातल्या ‘च’सारखा आहे. हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला तो मुद्दाम घोकावा लागेल. आपल्या मुलाच्या जिभेवर तो आधीच आहे. एक उच्चार मात्र ‘ह’ आणि ‘ख’ यांच्या मधला, घशातून येणारा. तो ऐकूनच शिकावा लागतो. हिब्रू प्रार्थना देवनागरी अक्षरांत छापलेल्या पुस्तिका वापरतात, त्यांचा उपयोग मोठा आहे. पण ती पांगुळगाड्यासारखी आहे. चालायला लागेपर्यंत ठीक. पुढे तिच्यावरच भिस्त ठेवली तर मूल जन्मभर हिब्रू ‘म्हणेल’, वाचणार कधीच नाही. म्हणून एका ओळीचे देवनागरी झाकायचे आणि तीच ओळ हिब्रूत बोट ठेवून वाचायची, असे आठवड्याला एक-एक ओळ वाढवीत नेणे चांगले.

शेवटी अर्थ. तोऱ्याचे चोपन्न भाग पाडलेले आहेत आणि ते वर्षभरात आठवड्याच्या क्रमाने वाचून संपवितात. संपल्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून आरंभ. घरी शुक्रवारच्या जेवणाला त्या आठवड्याच्या भागातली एक गोष्ट मराठीत सांगितली, तर एका वर्षात मुलाला सगळ्या पोथीची ओळख होते. त्याला पाठशाळा लागत नाही. पंधरा मिनिटे लागतात. फक्त ती पंधरा मिनिटे दर आठवड्याला द्यावी लागतात, आणि आपण सगळे चुकतो ते नेमके इथेच!

मुलांना कसे शिकवावे याचा उत्तम नमुना पाहायचा असेल तर पेसाहच्या रात्रीचे पुस्तक पाहावे. त्याला हगादा म्हणतात. ते घरात, जेवणाच्या पानावर बसून वाचायचे पुस्तक आहे. त्याचा पहिला नियम असा, की सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचे. ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असा त्यांचा रोख असतो. समोर ताटात बिनआंबवलेली भाकरी, कडू भाजी, मिठाचे पाणी मांडलेले असते. कडू का, तर गुलामगिरी कडू होती. खारट पाणी का, तर ते अश्रू. मूल जिभेने धडा शिकते. पुष्कळ घरी भाकरीचा एक तुकडा लपवून ठेवतात आणि पोरांना शोधायला लावतात. हेतू एवढाच, की गोष्ट संपेपर्यंत त्यांना झोप लागू नये.

याच पुस्तकात चार प्रकारची मुले सांगितली आहेत. एक हुशार, एक वाकडे बोलणारा, एक भोळा, आणि एक असा, की ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. चौघांना एकच उत्तर देऊ नये. ज्याला त्याला त्याच्या समजुतीप्रमाणे सांगावे. आणि जो विचारीत नाही त्याच्या बाबतीत वडिलांनी स्वतः बोलायला आरंभ करावा. वाकडे बोलणाऱ्यालाही पंगतीतून उठवून लावायचे नाही, हेही ध्यानात घ्या. आपल्या प्रशिक्षण विद्यालयांत बालमानसशास्त्र म्हणून जे शिकवितात, त्यातला केवढा तरी अंश या जुन्या पुस्तकात आहे.

हे पुस्तक मराठीत फार लवकर आले. १८४६ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर हिब्रू आणि मराठी हगादा छापली गेली, आणि १८७४ मध्ये पुण्याला दुसरी निघाली. पुण्याच्या हगादेत सणाची भाकरी भाजणाऱ्या बायकांचे चित्र आहे. त्या बायका आपल्यासारख्याच लुगडे नेसून जमिनीवर बसल्या आहेत. ही गोष्ट हजारो वर्षांपूर्वीच्या मिसर देशातली, पण चित्रात मुलाला आपली आई दिसते. परक्या देशातली पोथी अशी घरची झाली.

आता जरा काळजीची बाजू. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाल्यानंतर हा समाज मोठ्या संख्येने तिकडे गेला. १९५१ च्या जनगणनेत भारतात सगळे मिळून सव्वीस हजारांवर यहुदी होते. २०११ मध्ये ही संख्या साडेचार हजारांच्या आसपास आली. कोकणातल्या गावांतली घरे मिटली. मागे राहिलेले बहुतेक मुंबईत आणि ठाण्यात आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, हे चांगले झाले. पण कागदावरच्या मान्यतेने मुलाला शेमा येत नाही.

दोन्हीकडच्या घरांत आज अडचण आहे, आणि ती एकमेकींच्या उलट आहे. इकडच्या मुलाला आजीची गोष्ट मराठीत समजते, पण हिब्रू पोथी वाचणे कठीण. शिवाय इंग्रजी शाळेमुळे आता मराठीही पातळ होत चालली आहे. तिकडच्या मुलाची बोलीच हिब्रू, तेव्हा पोथी त्याला खुली आहे. पण ‘दारफळणीचा सण’ किंवा ‘बिरड्याचा रोजा’ म्हटले तर त्याला काही बोध होत नाही. म्हणून तिकडे गेलेल्या मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. पूर्वी पोथी हरवली होती आणि घर शाबूत होते. आता पोथी दुकानात मिळते. घरात जवळ बसायला माणूस मिळत नाही.

श्रोतेहो, ही अडचण एकट्या बेने इस्राएलांची आहे काय? आपल्या तालुक्यांकडे पाहा. वारली लोकांत लग्न लावणारी धवळेरी असते. तिची गाणी म्हणजे त्या लोकांचे पुराणच, आणि ते सगळे तिच्या मुखात आहे. ठाकरांची, कातकऱ्यांची, महादेव कोळ्यांची किती गाणी, किती कथा अशाच तोंडी आहेत. पोर सहा-सात वर्षांचे झाले की आश्रमशाळेत जाते. ते गेलेच पाहिजे, त्यात शंका नाही. कातकऱ्याचे घर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते; पोटासाठी जावेच लागते. पण म्हातारी पाड्यावर आणि नातवंड वसतिगृहात, अशी फारकत झाली म्हणजे मधला पाठ तुटतो. माळकऱ्याच्या घरीसुद्धा हरिपाठ आता मोबाइलवर लागतो. आवाज गोड असतो, पण नातवाचे कुठे चुकले हे तो यंत्रातला बुवा सांगत नाही.

तुटलेला पाठ पुन्हा जोडायला या समाजाला किती खटाटोप करावा लागला ते आपण ऐकलेत. कोचीनहून शिक्षक आले, परक्याने लिहिलेले व्याकरण वापरावे लागले, राजपूरकरांसारख्यांची आयुष्ये खर्ची पडली. त्यांना निदान हरवलेला ग्रंथ जगात दुसरीकडे जसाच्या तसा शिल्लक होता, म्हणून तो परत आणता आला. धवळेरीचे गाणे एकदा गेले तर ते आणायला आपण कोणत्या कोचीनला जाणार?

म्हणून सुचवावयाचे ते एवढेच. सुटीत मूल घरी येईल तेव्हा त्याला आजीजवळ बसवा. वेळ थोडा ठेवा, पण ठरलेला ठेवा. पाठ म्हणून घ्या आणि त्याच बैठकीत त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगा. नुसते पाठांतर करविले तर पोपट होतो आणि नुसता अर्थ सांगितला तर शब्द निसटतात. मुलाने ‘का?’ म्हणून विचारले तर ‘आपल्यात असेच असते’ एवढ्यावर भागवू नका. आपल्याला उत्तर येत नसेल तर ठाऊक असणाऱ्याकडे त्याला घेऊन जा, आणि त्याच्याबरोबर आपणही बसा. लिहिता येत असेल तर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे वहीत उतरून काढा. शिक्षकांनी हे काम अवश्य करावे. मात्र वही कपाटात ठेवून काम झाले असे समजू नका. तिच्यातली एखादी ओळ रोज घरात कोणाच्या तरी तोंडी आली पाहिजे.

ठाण्याच्या त्या सिनेगॉगातल्या कपाटात तोऱ्याच्या गुंडाळ्या जपून ठेवलेल्या आहेत. त्या नीट राहतील. त्या वाचणारा मुलगा मात्र कपाटात ठेवता येत नाही. तो घरीच तयार व्हावा लागतो, आणि ते काम आजच्या संध्याकाळपासून सुरू करता येते.